जेल मेणबत्ती घरी करताना या चुका टाळा

साध्या मेणबत्त्या हाताला बसल्या की माणूस जेलकडे वळतो आणि तिथे फसतो. मीही फसले. दिवाळीच्या तोंडावर किलोभर जेल आणलं, पॅराफिनच्या मेणबत्त्यांना करते तेच सगळं केलं, आणि हाती आले बुडबुड्यांनी भरलेले धुरकट ग्लास. एकाची वात तर पेटवल्यावर वीस मिनिटांत जेलमध्ये बुडून विझली.

जेल वॅक्स या नावात वॅक्स असलं तरी आत मेण नसतंच. साधारण ९५ टक्के मिनरल ऑइल, म्हणजे मेडिकलच्या दुकानात लिक्विड पॅराफिन म्हणून मिळतं तसलं तेल, आणि त्याला धरून ठेवणारं थोडं पॉलिमर, एवढाच मामला. आपण घट्ट केलेलं तेल हाताळतोय हे डोक्यात ठेवा. माझ्या बहुतेक चुका हे विसरल्यामुळेच झाल्या. (इंटरनेटवर जिलेटिन उकळून केलेलं जेल दाखवतात, ते वेगळं प्रकरण. त्याच्या नादी लागू नका.)

उकळत्या पाण्यावर वितळवणं

साध्या मेणबत्तीचं मेण, म्हणजे पॅराफिन, साठेक अंशांना वितळतं, त्यामुळे पातेल्यात पातेलं ठेवून काम भागतं. जेल नीट वाहतं व्हायला मात्र ९० ते १०० अंश सेल्सिअस लागतात. खालचं पाणी शंभराच्या वर जात नाही आणि वरच्या पातेल्यातलं जेल त्याच्याही मागे राहतं. ते मधासारखं लोंबकळत असतानाच आपण कंटाळून ओततो, आणि आतली हवा जन्माची अडकते.

जाड बुडाचं स्टीलचं पातेलं थेट इंडक्शनवर, मंद आचेवर ठेवा. जेल कात्रीने बारीक कापून टाका म्हणजे एकसारखं वितळतं. थर्मामीटर हवाच, अंदाजपंचे इथे चालत नाही. मी ९५ च्या आसपास ठेवते आणि ११० च्या वर जाऊ देत नाही. जास्त तापलं तर जेल पिवळट पडतं, शिवाय शेवटी ते तेल आहे, पेट घेऊ शकतं. शेजारी पातेल्यावर घट्ट बसेल असं झाकण काढून ठेवा. भडका उडालाच तर आच बंद करून झाकण घालायचं. पाणी अजिबात ओतायचं नाही, तळणीच्या कढईत ओतत नाही तसंच. आणि फोन आला म्हणून तिथून हलायचं नाही.

बुडबुडे

थोडे बुडबुडे मला आवडतात, सोड्याच्या ग्लासासारखे दिसतात. पण नको असतील तर आधी ग्लास गरम करा. थंड काचेला गरम जेल लागलं की कडेने बुडबुड्यांची झालरच लागते. ओव्हनमध्ये ६५-७० अंशांवर दहा मिनिटं पुरतात. ढवळताना चमचा गोल गरगर फिरवू नका, हळूहळू हलवा. ओतताना ग्लास तिरपा धरून कडेवरून सोडा, चहा वरून ओतल्यासारखी धार नको. मग पंख्याखाली न ठेवता सावकाश निवू द्या. फ्रिजमध्ये तर मुळीच नाही.

शिंपले आणि वाळू घालणाऱ्यांसाठी खास सूचना. अलिबागहून, गुहागरहून गोळा करून आणलेले शिंपले वरून कोरडे वाटतात, पण आत ओल असते. गरम जेल पडलं की त्यातून तासभर बुडबुडे निघत राहतात. आधी धुऊन, उन्हात वाळवून, कोरड्या कढईत परतून घ्या, आणि जेलमध्ये सोडण्यापूर्वी वेगळ्या वाटीतल्या गरम जेलमध्ये एकदा बुडवून काढा.

झालेला ग्लास बिघडला असेल तर टाकू नका. ओव्हनमध्ये ७५-८० अंशांवर तासभर ठेवला की बरेच बुडबुडे वर येतात. नाहीच आले तर वात आणि सजावट काढून पुन्हा वितळवा, जेलला त्याचं काही वाटत नाही.

घरात आहे ते अत्तर

सगळ्यात महाग पडलेली चूक ही. अत्तर, अगरबत्तीचं सेंट, सरबताचा इसेन्स, सगळं चालेल असं वाटतं. पण मिनरल ऑइलमध्ये विरघळत नाही तो सुगंध जेलमध्ये धुकं करतो, किंवा थेंब थेंब वेगळा होऊन कुठेतरी साचून राहतो. ज्योत त्या साठ्यापर्यंत पोहोचली की एकदम भडकते.

परीक्षा अगदी सोपी आहे. काचेच्या छोट्या बाटलीत एक भाग सुगंध आणि तीन भाग लिक्विड पॅराफिन घालून हलवा. मग अर्धंअर्धं घेऊन बघा, मग उलट, तीन भाग सुगंध आणि एक भाग तेल. तिन्ही वेळा मिश्रण स्वच्छ राहिलं तरच तो सुगंध जेलचा. विकत घेताना दुकानदाराला फ्लॅश पॉइंट विचारा, म्हणजे किती अंशांना त्या सुगंधाची वाफ पेट घेऊ शकते तो आकडा. ७७ अंशांच्या वरचा हवा. ज्याला हा शब्दच माहीत नाही त्याच्याकडून साबणासाठी घ्या, मेणबत्तीसाठी नको.

प्रमाण ३ टक्के, म्हणजे अर्ध्या किलोला १५ ग्रॅम. काट्यावर मोजा. वास कमी वाटतो म्हणून दुप्पट घातलं तर जेल सैल पडून तेल सोडायला लागतं.

रंगाचं थोडक्यात: खायचे रंग पाण्यात विरघळणारे, ते तळाशी बसतात. क्रेयॉन वातीत अडकतो. मेणबत्तीसाठीचा तेलात विरघळणारा रंग घ्या, आणि टूथपिकच्या टोकावर येईल तेवढाच.

वात आणि ग्लास

समईची कापसाची वात इथे मान टाकते. ताठ उभी राहणारी वात हवी, आणि तेवढ्याच रुंदीच्या पॅराफिनच्या ग्लासाला लागते त्यापेक्षा एक नंबर जाड. बारीक राहिली की बुडते. तसं झालं तर विझवून निवल्यावर वातीभोवतीचं थोडं जेल चमच्याने कोरून काढा. उलट ज्योत उंच होऊन काजळी धरत असेल तर वात लांब झाली आहे, ६ मिलिमीटर ठेवून कापा. वात आधी भिजवून घ्यायची ती वितळलेल्या जेलमध्ये. मेणात भिजवलेली वात पेटली की तेवढं मेण जेलमध्ये उतरतं आणि आरपार दिसणारा ग्लास गढूळ होतो.

मातीच्या पणतीत जेल भरायचा मोह दिवाळीत सगळ्यांनाच होतो. कच्ची माती तेल पिते, आणि चार दिवसांत खालच्या रांगोळीवर डाग उतरतो. आतून-बाहेरून ग्लेझ केलेली पणती घ्या, नाहीतर जाड काचेचा, रुंद तोंडाचा ग्लास. नाजूक पेले तडकतात. २०० मिलिलिटरच्या ग्लासात गळ्यापर्यंत भरलं तर साधारण १७० ग्रॅम जेल बसतं, त्या हिशेबाने आणा.

वाळलेल्या गुलाबपाकळ्या, दालचिनी, संत्र्याच्या चकत्या, प्लॅस्टिकचे मणी फोटोत सुरेख दिसतात. पण ही सगळी जळणारी वस्तू आहे, तेलात बुडवून ज्योतीखाली ठेवलेली. काच, दगड, शिंपले यांवर भागवा, आणि तेही वातीपासून निदान दीड सेंटिमीटर लांब, काचेला चिकटून.

एका वेळी दोन तासांपेक्षा जास्त जाळू नका, तळाशी सेंटिमीटरभर जेल उरलं की थांबवा. आणि भांडी घासताना उरलेलं जेल बेसिनमध्ये ओतू नका. ते पाइपात जाऊन थिजतं, मग प्लंबरला काय सांगायचं हा प्रश्न पडतो. पातेलं कोमट असतानाच जुन्या वर्तमानपत्राने पुसून घ्या.