डिस्लेक्सिया असताना नेपथ्य आणि वेशभूषा: माप हातातून हातात जाताना

डिस्लेक्सिया (अक्षरं-आकडे वाचताना, लिहिताना होणारी अडचण) असलेल्या नेपथ्यकाराचं चित्र सहसा चुकत नाही. चुकतो तो फोनवर ऐकून कागदावर उतरवलेला आकडा, आणि चूक लक्षात येईतो सुताराने प्लाय कापलेला असतो. म्हणून कुठलंही माप जितक्या कमी वेळा लिहावं लागेल तितकं बरं. पुढचं बहुतेक सगळं त्यासाठीच आहे.

संहिता

पहिल्या वाचनाला दिग्दर्शकाला विचारून फोनवर रेकॉर्डिंग करा. प्रत्येक प्रवेशाची फाइल वेगळी ठेवा, नाहीतर तिसऱ्या प्रवेशातला कंदील शोधायला अख्खं नाटक पुन्हा ऐकावं लागतं. संहिता टाइप केलेलीच मागा. भ-म, ध-घ, थ-य या जोड्यांत मुख्य फरक शिरोरेघेतल्या फटीचा असतो, आणि हस्तलिखिताच्या झेरॉक्समध्ये नेमकी तीच फट बुजते. छपाई १४ ते १६ पॉइंट, ओळींत दीडपट अंतर, कागद फिकट पिवळसर, मजकूर एकाच बाजूला.

ऐकता ऐकता मोठ्या ड्रॉइंग पेपरवर तक्ता करा: आडवे प्रवेश, उभी पात्रं. चौकटीत शब्दांऐवजी फेटा, पदर, काठी अशी चिमुकली चित्रं काढा. एकाच पात्राच्या लागोपाठच्या दोन चौकटींत वेगळे कपडे दिसले की तिथे घाईचा कपडेबदल आहे, म्हणजे बटणांऐवजी वेल्क्रो किंवा टिचबटण. प्रत्येक पात्राला एक रंग आणि एक खूण (ठिपका, रेघ, फुली) द्या. नुसता रंग पुरत नाही, कारण विंगेतल्या, म्हणजे रंगमंचाच्या बाजूच्या आडोशातल्या, निळ्या दिव्यात लाल रंग काळा दिसतो.

आकडे

मराठीत 'सत्तावीस' म्हणताना सात आधी ऐकू येतो आणि लिहायचा असतो नंतर. २७ चे ७२ होतात ते इथेच. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'वीस सात' आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला, पण फोनवर माप घेताना दशक आधी म्हणायची तीच रीत कामाची. सुताराला सांगून ठेवा, 'दोन-सात असं सांगा'. मग ऐकलेलं तसंच परत म्हणून दाखवा.

दुसरा सापळा टिंबाचा. '५.६' म्हणजे पाच फूट सहा इंच, की साडेपाच फुटांहून थोडं जास्त? दशांशात वाचलं तर ते जवळजवळ पाच फूट सव्वासात इंच होतं, आणि सव्वा इंचाने दार चौकटीत बसत नाही. टिंब वापरूच नका. सगळं माप इंचांत लिहा: ६६. सूतही (इंचाचा आठवा भाग) टाळा, अर्ध्या इंचाच्या खाली जाऊ नका. रंगमंचाला तेवढं पुरतं.

शिंप्यासाठी फीत

प्रत्येक नटासाठी दोन मीटर, न ताणणारी सुती फीत घ्या. एका टोकाला गाठ मारा, ते शून्य. गाठीपासून छाती मोजून फितीवर एक रेघ, कंबरेला दोन, सीटला तीन, बाहीला गोल, उंचीला फुली. छाती आणि सीटच्या खुणा अगदी शेजारी येतात, म्हणून खुणा वेगळ्याच हव्यात. शिंपी फितीवरून आपल्या टेपने मोजेल, मध्ये तुमचा कागद नाही. 'नुसतं लिहून द्या की' असं म्हणेल, फीतच द्या. मात्र हे अंगाचं माप आहे, सैल सोडायचं काम त्याचं, हे स्पष्ट बोला. दोघांनीही सैल धरलं तर अंगरख्याचं झबलं होतं.

कोल्हापुरात महाद्वार रोडवर कापड घ्यायला जाताना रंगाचं नाव नको, दोन इंची तुकडा न्या. 'मोरपंखी' प्रत्येक दुकानात वेगळा असतो. पन्हा (कापडाची रुंदी) ३६ इंच की ४४, हे विचारल्याशिवाय मीटर सांगू नका. नऊवारीतला वार म्हणजे मीटर नव्हे: नऊ वार साधारण सव्वाआठ मीटर. सुती कापड बेतण्याआधी भिजवून वाळवा, नाहीतर पहिल्या धुण्यात आटेल.

सेट

मॉडेलला अर्धा इंच म्हणजे एक फूट हे प्रमाण धरा. तीस फुटी रंगमंच १५ इंचांत बसतो. आता जाड पुठ्ठ्याचे ४ बाय २ इंचांचे तुकडे कापून ठेवा. प्रत्येक तुकडा म्हणजे ८ बाय ४ चा एक प्लाय. मॉडेल फक्त त्यातूनच बांधा. शेवटी पुठ्ठे मोजले की प्लाय मोजून झाले, आणि वाया जाणारे तुकडेही समोर दिसतात.

उंचींसाठी आठ फुटी लाकडी पट्टी घ्या. तिच्यावर दाराचा माथा, खिडकीचा तळ, लेव्हलची (रंगमंचावरच्या चौथऱ्याची) उंची पेन्सिलीने आखा, शेजारी चित्र काढा आणि पट्टीच सुताराला द्या. खालच्या टोकाला पाऊल काढायला विसरू नका. पट्टी उलटी धरली की खिडकी छताला जाते.

बाबूराव आणि आनंदराव पेंटरांनी नाटक कंपन्यांचे पडदे रंगवलेल्या या गावात रंगवलेल्या पडद्याचा मोह सुटत नाही, आणि सुटूही नये. चित्रावर एक इंची चौकटी, कापडावर दोन फुटी. २४ बाय १४ च्या पडद्याला १२ गुणिले ७, म्हणजे ८४ चौकटी होतात. त्यांना अक्षरं देऊ नका. उभ्या रांगांना रंगीत चिकटपट्ट्या लावा, चित्रावर आणि कापडावर सारख्याच. कापड जमिनीवर पसरलं की वरची बाजू कुठली हे विसरतं, म्हणून आधी बाण.

डावं-उजवं

नटाचं डावं प्रेक्षकाचं उजवं, त्यात डिस्लेक्सियाच्या अनेकांना दिशांचाच गोंधळ. 'डावी विंग' हा शब्दच काढून टाका. एका बाजूला एक जाड पांढरी पट्टी, दुसऱ्या बाजूला दोन. सूचना 'एक पट्टीतून एंट्री' अशी द्या, आराखड्यावरही तेच काढा. प्रयोग दुसऱ्या नाट्यगृहात असेल तर पट्ट्यांचा रोल टेम्पोत सगळ्यात वर ठेवा. प्लाय उतरण्याआधी त्याच लावायच्या असतात.