वजनाचा विषय कसा काढावा, हे नव्या डॉक्टरांना शिकवताना

'कमी खा, चाला' हे सांगायला डॉक्टर लागत नाही. पेशंटला ते घरच्यांनी, शेजाऱ्यांनी, सगळ्यांनी सांगून झालेलं असतं. नव्या डॉक्टरचं घोडं अडतं ते विषय काढताना, आणि काढल्यावर गप्प बसताना. म्हणून माझ्या हाताखाली आलेल्या मुलांना मी आहारतक्ता शेवटी दाखवते. आधी वजनकाटा.

काटा कुठे आहे ते बघा. रांगेतल्या सगळ्यांसमोर वजन करून आकडा मोठ्याने पुकारला जात असेल, तर आत तुम्ही कितीही गोड बोला, काम बिघडलेलंच असतं. काटा आडोशाला हलवा. एक तरी खुर्ची बिनहातांची ठेवा. बीपीचा मोठा कफ, म्हणजे दंडाला बांधायचा पट्टा, हाताशी असू द्या. जाड दंडावर लहान कफ बांधला की बीपी खोटंच जास्त येतं. कंबर मोजायला मी इंटर्नना एकमेकांवरच लावते. टेप बेंबीवर नव्हे, तर शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाची वरची कड यांच्या मध्यावर, सहज श्वास सोडल्यावर. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा. त्याची जागतिक रेघ जादा वजनासाठी 25 आणि लठ्ठपणासाठी 30. आशियाई लोकांत धोका 23 पासूनच धरायचा. बीएमआयला चरबी आणि स्नायू यांतला फरक कळत नाही, हेही तेव्हाच सांगून टाकते.

मग परवानगी. "गुडघ्यासाठी आलात, त्याचं बघूच. वजनाबद्दलही थोडं बोललं तर चालेल का?" एवढंच. पेशंट "आज नको" म्हणाला तर "बरं, वाटेल तेव्हा सांगा" म्हणायचं आणि गुडघा नीट तपासायचा. हे हुशार मुलांना सगळ्यात जड जातं. नकार मिळाला की त्यांना आपण नापास झालो असं वाटतं.

खरी शिकवणी रोल-प्लेमध्ये होते. तिघे बसवा: एक डॉक्टर, एक पेशंट, एक निरीक्षक. निरीक्षकाच्या हातात घड्याळ. डॉक्टर पहिल्यांदा मध्ये कधी बोलला, एवढंच त्याने टिपायचं. 1984 मध्ये छापून आलेल्या एका गाजलेल्या अभ्यासात डॉक्टर सरासरी 18 सेकंदांत पेशंटला तोडतात असं दिसलं होतं. आमची मुलं त्यावर हसतात, मग स्वतःची वेळ ऐकतात.

पेशंट झालेल्याला मी एक चिठ्ठी देते. त्यातलं विचारल्याशिवाय सांगायचं नाही. उदाहरणार्थ, ही व्यक्ती दुकान सांभाळते, एकदा बरंच वजन उतरवून परत वाढलंय, आणि झोपेसाठी ओलान्झापिन (मानसिक आजारांवरचं औषध, याने वजन वाढतं) चालू आहे. खेळ असा रंगतो:

"रात्री जेवायला उशीर होतो, डॉक्टर."
"मग लवकर जेवत जा."

इथे मी थांबवते. पुन्हा घे, सल्ला न देता.

"उशीर कशामुळे होतो?"
"दुकान बंद करून घरी पोचेपर्यंत दहा वाजतात. दुपारनंतर पोटात काही नसतं. मग किती खाते ते कळतच नाही."

आता धरायला काहीतरी मिळालं. संध्याकाळी दुकानातच काही खाता येईल का, हे तिलाच विचारायचं. काय आणि किती वाजता, तेही तिनेच ठरवायचं. मग, "हे जमेल असं दहापैकी किती वाटतं?" ती म्हणाली पाच. मुलं हमखास विचारतात, "दहा का नाही?" की ती अडचणींची यादी वाचायला लागते. विचारायचं उलटं: "तीन का नाही म्हणालात?" मग ती स्वतःच्या तोंडाने कारणं सांगते, आणि ती कारणं आपल्यापेक्षा भारी असतात. विल्यम मिलर यांनी 1983 मध्ये मांडलेल्या प्रेरक संवादाच्या पद्धतीचा गाभाच हा: बदलाची बाजू पेशंटने मांडायची.

ओलान्झापिन कुणी विचारलं का? बहुतेकदा नाही. औषधांची यादी वाचल्याशिवाय कुणाच्या जिभेला दोष द्यायचा नाही हा माझा नियम. स्टेरॉइड, इन्सुलिन, मधुमेहावरच्या सल्फोनिलयुरिया गोळ्या, फिटवरचं व्हॅल्प्रोएट, नैराश्यावरचं मिर्टाझापिन, सगळ्यांनी वजन वाढू शकतं. पण तेवढ्यासाठी औषध परस्पर बंद करायचं नाही. ज्याने दिलं त्या डॉक्टरशी बोलायचं. थायरॉइड, घोरणं आणि दिवसा येणारी झोप, आणि भरपूर खाऊन मग उलटी काढण्याची सवय, हेही विचारायचं. शेवटचा प्रश्न एकांतात.

उद्दिष्ट लहान ठेवायला शिकवा. 5 ते 10 टक्के वजन उतरलं तरी बीपी, साखर, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) सुधारतात. 90 किलोच्या माणसाला ते साडेचार ते नऊ किलो. 2002 च्या अमेरिकी मधुमेह-प्रतिबंध अभ्यासात 7 टक्के वजन घटवणं आणि आठवड्याला 150 मिनिटं व्यायाम एवढंच उद्दिष्ट होतं, आणि मधुमेह होण्याचं प्रमाण 58 टक्क्यांनी घटलं. वजन उतरलं की भूक वाढते, शरीर कमी ऊर्जेत भागवायला लागतं. परत वाढलं तर तो आळस नव्हे, हे पेशंटला आधीच सांगून ठेवायचं. नाहीतर तो लाजेने फिरकतच नाही.

केसपेपरवर 'आहार-व्यायामाचा सल्ला दिला' एवढंच लिहिलेलं असेल तर मी परत पाठवते. काय ठरलं ते पेशंटच्या शब्दांत आणि पुढची तारीख, दोन्ही हवीत. आणि मुलाला "काय सांगितलंस?" असं मी विचारत नाही. पेशंट बाहेर पडताना त्याच्याकडूनच ऐकते, काय ठरलं ते.