टीएशिपचा अर्ज: माझा पहिला वाया गेला, दुसरा लागला

पहिल्या वर्षी माझं घोडं चित्रांपाशी नाही, एका फॉर्मपाशी अडलं. अमेरिकेत एमएफएचा, म्हणजे कलेतल्या पदव्युत्तर पदवीचा, अर्ज भरला, स्लाइडरूम या कामाचे नमुने पाठवायच्या वेबसाइटवर माझ्या २० प्रिंट्स (छापचित्रं) चढवल्या आणि टीएशिपसाठी (टीचिंग असिस्टंटशिप, म्हणजे शिकवण्याच्या कामाच्या बदल्यात ट्यूशनमाफी आणि स्टायपेंड) आपला विचार आपोआप होईल असं धरून बसले. त्या विभागाचा असिस्टंटशिपचा फॉर्म वेगळा होता आणि त्याची मुदत आधीच संपली होती. प्रवेश मिळाला, पैसे नाहीत. सोडून द्यावा लागला.

म्हणून अमेरिकेतल्या ज्या विद्यापीठांत अर्ज करणार, तिथल्या कलाविभागाच्या ग्रॅज्युएट को-ऑर्डिनेटरला आधी छोटी ईमेल टाका. टीएशिपचा अर्ज वेगळा असतो का? पहिल्याच वर्षी मिळते का? टीए स्वतः वर्ग घेतो की प्राध्यापकाच्या हाताखाली काम करतो? अर्जांच्या मुदती बहुतेक डिसेंबर ते फेब्रुवारीत असतात, तेव्हा ही ईमेल ऑक्टोबरात गेलेली बरी.

आता खरं काम, म्हणजे शिकवण्याबद्दलचं पत्र. विभागाला टीए हवा असतो तो मुख्यतः फाउंडेशनच्या, म्हणजे पायाभूत वर्गांसाठी: ड्रॉइंग, टूडी (सपाट रचना), थ्रीडी (त्रिमित रचना). समोर पदवीच्या पहिल्या वर्षाची मुलं, त्यातली काही तर फक्त क्रेडिट हवं म्हणून आलेली. स्टुडिओचा वर्ग अडीच-तीन तास चालतो. एवढा वेळ ही व्यक्ती वर्ग सांभाळेल का, हे समितीला तुमच्या पत्रातून कळायला हवं. पहिल्या वर्षी मी दोन परिच्छेद ‘कला आणि समाज’ यावर खर्च केले होते. आता वाचताना लाज वाटते.

दुसऱ्या वर्षी एकच प्रसंग लिहिला. ज्युनिअर मुलांना इंटाग्लिओची प्लेट पुसायला शिकवत होते. यात धातूच्या प्लेटवर कोरलेल्या रेघांत शाई भरतात, वरची जादा शाई पुसतात आणि मग छापतात. सगळे इतकी घासून पुसायचे की रेघांतली शाईसुद्धा निघून जायची आणि प्रिंट फिकी यायची. कितीदा सांगितलं, उपयोग शून्य. मग एकच प्लेट तीनदा छापून घेतली: एकदा नुसत्या टार्लाटनने (जाळीदार कडक कापड) पुसून, एकदा त्यावर न्यूजप्रिंटचा कागद फिरवून, एकदा शेवटी तळहाताने. तिन्ही प्रिंट्स शेजारी टांगल्या आणि गप्प बसले. कुठे थांबायचं ते मुलांनीच एकमेकांना सांगितलं. मुलाखतीत मला विचारलं ते याच प्लेटबद्दल. पोर्टफोलिओचा विषय नंतर निघाला.

तुमच्याकडेही असा प्रसंग असेल. क्लासमधला, कार्यशाळेतला, धाकट्या बॅचला मदत करतानाचा. शिकवलेल्या मुलांच्या कामाचे फोटो असतील तर त्यांची परवानगी घेऊन, मागितले असतील तिथे जोडा.

रेझ्युमेत ‘प्रिंटमेकिंग येतं’ एवढंच लिहू नका. तांब्यावर फेरिक क्लोराइडने एचिंग, ॲक्वाटिंट, लिथोच्या दगडाचं ग्रेनिंग (घासून पृष्ठभाग तयार करणं), असं तंत्रांच्या नावांनिशी नेमकं लिहा. सिरॅमिक्सवाल्यांनी भट्टी स्वतः लावता येते का ते सांगावं, शिल्पवाल्यांनी वेल्डिंग आणि बँडसॉचं. काही टीएंच्या वाट्याला वर्गाऐवजी कार्यशाळेची देखरेख येते, तिथे हीच यादी उपयोगी पडते.

शिफारसपत्रं साधारण तीन लागतात. त्यातलं एक तरी तुम्हाला शिकवताना पाहिलेल्या व्यक्तीचं असू दे, मग ती नामवंत नसली तरी चालेल.

टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेतले स्पीकिंगचे गुण टीएसाठी बऱ्याच ठिकाणी वेगळे पाहतात. मी रोज एक चित्र समोर ठेवून पाच मिनिटं मोठ्याने इंग्रजीत क्रिटीक, म्हणजे त्याची समीक्षा, करायचे. घरचे हसायचे.

ऑफर आली की नाचण्याआधी पत्र बारीक वाचा. आठवड्याला २० तास म्हणजे ‘हाफ टाइम’, १० तास म्हणजे त्याच्या निम्मं. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर २० तासांहून जास्त काम करता येत नाही, त्यामुळे २० तासांची टीएशिप असेल तर वर लायब्ररीत नोकरी करू हा हिशेब विसरा. ट्यूशन, म्हणजे शिक्षण शुल्क, पूर्ण माफ आहे की फक्त राज्याबाहेरच्यांसाठीचा जादा भाग? बाकीची फी आणि आरोग्य विमा कोण भरणार? स्टायपेंड बहुधा नऊ महिन्यांचाच असतो, उन्हाळा तुमचा तुम्ही बघायचा. त्यावर करही कापला जातो.

उत्तरासाठी कोणी घाई केली तर ते विद्यापीठ काउन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्स या विद्यापीठांच्या संघटनेच्या १५ एप्रिलच्या ठरावात सहभागी आहे का ते पाहा. असेल, तर आर्थिक मदतीच्या ऑफरला त्या तारखेआधी होकार द्यायचं बंधन तुमच्यावर नाही. होकार दिल्यावर आय-२० वर (व्हिसासाठी विद्यापीठ देतं तो फॉर्म) असिस्टंटशिपची रक्कम नीट आली आहे ना, हे व्हिसाच्या मुलाखतीआधीच तपासा.