परदेशी इंटर्नशिप आणि मुक्काम नातेवाइकांकडे: दहा आठवड्यांची व्यवस्था

इंटर्नशिपचं बहुतेक सगळं लेखी असतं: तारखा, तास, भत्ता, कोणाच्या हाताखाली काम. काकांकडे किंवा मावशीकडे राहण्याबद्दल मात्र काहीच लिहिलेलं नसतं, आणि बिनसतं ते बहुधा इथेच. ‘आपलंच तर घर, त्यात काय विचारायचं’ म्हणून जे विचारायचं राहतं, तेच तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात अंगावर येतं. म्हणून किल्ली, अंघोळीची वेळ, जेवण, पैसे आणि सुट्टीचे दिवस या पाच गोष्टी पहिल्या शनिवार-रविवारीच बोलून घ्या.

त्याआधी कागदपत्रं. राहायचं नातेवाइकांकडेच आहे, तर पर्यटक व्हिसावर जाऊन इंटर्नशिप करू, हा विचार मनातून काढून टाका. बिनपगारी इंटर्नशिपसुद्धा पुष्कळ देशांत कामच धरली जाते. कंपनीच्या पत्रात तारखा, आठवड्याचे तास, भत्ता आणि कामाचा पत्ता हे चारही हवेत. नातेवाइकांचं घर भाड्याचं असेल, तर दोन-अडीच महिन्यांचा पाहुणा चालेल का, हे त्यांनी घरमालकाला आधीच विचारावं. भाडेकरारात तशी मर्यादा असू शकते. काही देशांत पोहोचल्यावर ठराविक दिवसांत पत्ता नोंदवावा लागतो आणि त्यासाठी घर देणाऱ्याची सही लागते. त्या आठवड्यात काका गावाला गेलेले असले, तर काम अडतं.

रोजची औषधं मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट, हातातल्या बॅगेत ठेवा. चिठ्ठीवर औषधाचं जेनेरिक नाव लिहून घ्या, कारण ब्रँडचं नाव तिकडे कोणी ओळखेलच असं नाही. चार्जरवर ‘१००–२४० व्होल्ट’ छापलं असेल, तर फक्त अडॅप्टर पुरतो. इस्त्री किंवा हेअर ड्रायर नेऊ नका. २३० व्होल्टची इस्त्री १२० वर धड तापत नाही आणि १२० ची २३० वर जळते.

काम सुरू होण्याच्या निदान चार दिवस आधी पोहोचा. शरीराचं घड्याळ ढोबळमानाने दिवसाला एक तास सरकतं, आणि पूर्वेकडचा प्रवास जास्त जड जातो, कारण झोप रोजच्यापेक्षा लवकर आणावी लागते. दुपारी पडलातच, तर अर्ध्या तासाचा गजर लावून पडा. विषुववृत्तापासून बऱ्याच लांबच्या देशात उन्हाळ्यात रात्री नऊ-दहापर्यंत उजेड असतो, आणि पाहुण्यांच्या खोलीचे पडदे बहुधा पातळ. डोळ्यांवर बांधायची पट्टी घरूनच न्या.

ऑफिसला जाण्याची रंगीत तालीम कामाच्या दिवशीच करा, आणि नेमक्या त्याच वेळेला. रविवारी केलेली तालीम फसवते: गर्दी नसते आणि वेळापत्रकही वेगळं असतं. घराच्या दारापासून खुर्चीत बसेपर्यंतची मिनिटं मोजा. पहिली गाडी चुकली तर दुसरी किती वाजता, आणि परतीची शेवटची कधी, हे कागदावर लिहून ठेवा. एकावेळी ७० मिनिटं लागत असतील, तर दहा आठवड्यांच्या १०० फेऱ्यांत जवळजवळ ११७ तास प्रवासात जातात. एवढं जमणार नसेल, तर ऑफिसजवळ खोली घेऊन सुट्टीच्या दिवशी नातेवाइकांकडे जाणं दोन्ही बाजूंना सोपं पडतं. पासची किंमत एकेरी तिकिटाच्या किमतीने भागा; येणाऱ्या आकड्यापेक्षा तुमच्या फेऱ्या जास्त असतील, तरच पास घ्या. पास कॅलेंडरच्या महिन्याचा आहे की ३० दिवसांचा, हेही बघा. महिन्याच्या मध्यावर रुजू होणाऱ्याचं पहिल्या प्रकारात अर्ध्या पासाचं नुकसान होतं.

आता घर. किल्ली हातात आली की सगळे घरात असतानाच बाहेर उभं राहून दार तीनदा उघडून-लावून बघा. पुष्कळ कुलुपांत दार नुसतं ओढलं की लागतं, पण बाहेरून किल्लीशिवाय उघडत नाही. कचरा टाकायला म्हणून दोन मिनिटं बाहेर पडलेला माणूस तसाच अडकतो. काही दारं उघडताना आधी स्वतःकडे घट्ट ओढून धरावी लागतात, मगच किल्ली फिरते. रात्री अकराला, घर झोपलेलं असताना, हे शिकायची वेळ येऊ नये.

गरम पाण्याची टाकी असेल, तर तिच्यात ठरावीकच पाणी मावतं. सकाळी ओळीने चौघांनी अंघोळ केली की शेवटच्याला गार पाणी मिळतं, आणि तो शेवटचा बहुतेक वेळा शाळेत जाणारा भाऊ किंवा बहीण असते. तुम्ही रात्री अंघोळ करा. कपडे धुण्याचा एक वार ठरवून घ्या, ऑफिसचे सहा जोड न्या, आणि ड्रायरमध्ये सुती शर्ट टाकू नका. जास्त उष्णतेत ते आटतात.

जेवायला आहात की नाही, हे दुपारी तीनच्या आत कळवा. स्वयंपाकाला लागल्यावर कळवलेलं उपयोगाचं नाही. ऑफिसातल्या लोकांबरोबर थांबणार असाल, तर ‘उशीर होईल’ एवढं पुरत नाही. किती वाजताच्या गाडीने येताय, ते लिहा.

पैशाचा विषय सर्वांत नाजूक. जवळचे नातेवाईक भाडं घेणार नाहीत, आणि हातात नोटा ठेवल्या तर दुखावतील. आईबाबांनी आधी फोनवर बोलून घ्यावं, आणि तुम्ही घरातला एक ठरावीक खर्च उचलावा: आठवड्याचा किराणा किंवा इंटरनेटचं बिल. दर आठवड्याला तोच, न विसरता. कधीमधी आणलेल्या महागड्या भेटवस्तूपेक्षा हे घरच्यांना जास्त हलकं वाटतं. लहान भावंडांना सांभाळण्याचंही आधीच ठरवा. ‘बुधवारी संध्याकाळी मी घरी आहे’ असं आपणहून सांगितलं, की बाकीच्या दिवशी नाही म्हणणं अवघड जात नाही.

दहा आठवड्यांत दहाच शनिवार-रविवार मिळतात. चार नातेवाइकांना, तीन स्वतःच्या भटकंतीला, दोन रिकामे, शेवटचा सामान बांधायला. तारखा फ्रिजवर लावा. आत्याकडे कधी येणार, दुसऱ्या काकांकडे कधी, या प्रश्नांना मग तारीख दाखवता येते.

कंपनीचा लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर उघडा ठेवू नका, मुलांना खेळायला देऊ नका, आणि ऑफिसातले फोटो कुटुंबाच्या ग्रुपवर टाकू नका. गोपनीयतेच्या करारावर तुमची सही आहे, त्यांची नाही.

घरच्या फोनचे दोन वार ठरवा. काकूंबद्दलची कुरबुर आईला सांगाल, तर ती मावशीमार्फत त्याच घरात परत येते, आणि येताना मोठी होऊन येते. काय ते काकूंशीच बोला.

शेवटच्या आठवड्यात चादरी-उशांचे अभ्रे धुऊन घड्या करा, किल्ली हातात द्या, पाससाठी अनामत भरली असेल तर परत घ्या. तिकडचं बँक खातं मात्र अखेरचा भत्ता जमा होईपर्यंत बंद करू नका. कराचे कागद तुम्ही परतल्यावर कित्येक महिन्यांनी निघू शकतात. कंपनीत आपला कायमचा पत्ता आणि खासगी ईमेल नोंदवून निघा, नाहीतर ते पाकीट काकांच्या पत्रपेटीत येऊन पडेल.