भाकरी घशाखाली उतरेना तेव्हा

आमच्या सोलापुरात कडक भाकरी आणि शेंगाची चटणी हे रोजचं जेवण. तीच भाकरी मला पाण्याच्या घोटाशिवाय गिळता येईना. उन्हाळा आहे म्हणून मी सोडून दिलं. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपायचं, त्याचा दोष वर्गातल्या खडूच्या धुळीला दिला. मग वडील गेले. मी हुंदके देत होते, पण डोळ्यांतून टिपूस निघालं नाही. तेराव्यानंतर तडक डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले.

त्यांनी खालच्या पापणीत कागदाची पट्टी अडकवून पाच मिनिटं बसवलं. पट्टी जेमतेम 3 मिलिमीटर भिजली. 5 किंवा त्याहून कमी म्हणजे अश्रू फारच कमी. पुढे संधिवाताच्या डॉक्टरांनी रक्ताची अँटी-रो (आपल्याच शरीराविरुद्ध तयार होणारं एक प्रतिपिंड) तपासणी केली आणि आजाराचं नाव सांगितलं: शोग्रेन सिंड्रोम. यात आपलीच प्रतिकारशक्ती अश्रूंच्या आणि लाळेच्या ग्रंथींवर उलटते. 1933 साली हेन्रिक शोग्रेन या स्वीडनच्या नेत्रतज्ज्ञाने अशा 19 बायकांची लक्षणं लिहून ठेवली होती. आजही दहा रुग्णांत साधारण नऊ बायकाच असतात. म्हणून मैत्रिणींनो, 'वयामुळे होतं' यावर थांबू नका.

हा आजार मुळापासून जात नाही. जो थोडा ओलावा उरलाय तो उडू न देणं, हे आपलं रोजचं काम.

अश्रूंसारखा ओलावा देणारे थेंब डोळे खुपायला लागल्यावर नाही, त्याआधीच घालायचे. मी घड्याळ लावून दर दोन तासांनी घालते. दिवसातून चार-सहा वेळांपेक्षा जास्त लागत असतील तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले, छोट्या सुट्या कुपीतले मागून घ्या. नेहमीच्या बाटलीतलं प्रिझर्व्हेटिव्ह वारंवार गेलं की डोळ्याला त्रास देतं. झोपताना जाडसर जेल. त्याने धूसर दिसतं, म्हणून अंथरुणावर पडल्यावरच घालायचं. डॉक्टरांनी सायक्लोस्पोरिनचे थेंब दिले तर सुरुवातीला झोंबतात आणि गुण यायला काही महिने लागतात. मी आठवड्यात सोडणार होते, बरं झालं सोडले नाहीत.

पंखा डोक्यावर नको, पायाकडून वारा येऊ द्या. कूलरचं तोंडही दुसरीकडे वळवा. एसटीत खिडकी मिळाली तरी काच बंद, आणि बाजूने झाकणारा चष्मा. मोबाईल बघताना पापण्या मिटायचं विसरतो, ते मुद्दाम आठवायचं. उदबत्तीच्या, होमाच्या धुरापासून लांब बसा, कोणी काही म्हणालं तरी.

आता तोंड, आणि यावर मी जास्त बोलणार आहे, कारण माझ्या दोन दाढा यात गेल्या. तोंडाला पाणी सुटावं म्हणून मी दिवसभर लिंबाच्या आंबटगोड गोळ्या चघळायची. लाळ दातांवरचं आम्ल धुऊन काढते. ती नसताना आंबट आणि साखर दातांवर तशीच बसून राहते आणि हिरडीच्या कडेने कीड लागते. गोळ्या सोडा. चघळायचंच असेल तर बिनसाखरेचं, झायलिटॉलचं च्युइंगम. दोन्ही वेळा फ्लोराइडची पेस्ट, दर सहा महिन्यांनी दातांचे डॉक्टर. पाणी घटाघट पिऊन उपयोग नाही, रात्री उठावं मात्र लागतं. बाटली जवळ ठेवून घोट-घोट तोंडात फिरवायचं. जीभ लाल होऊन आग होत असेल, ओठांचे कोपरे फाटत असतील तर बुरशी असू शकते, दाखवून घ्या. लाळ वाढवायला पायलोकार्पिनच्या गोळ्या असतात, त्यांनी घाम येतो. दमा किंवा काचबिंदू असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. सर्दीच्या सेटिरिझिनसारख्या गोळ्या तोंड आणखी कोरडं करतात. मेडिकलमधून मनाने घेऊ नका.

या आजारात काहींना देतात ती हायड्रॉक्सीक्लोरोक्विनची गोळी चालू असेल तर डोळ्याच्या पडद्याची तपासणी डॉक्टर सांगतील तेव्हा चुकवायची नाही.

कानाखालची गाठ ओसरत नसेल, ताप किंवा वजन घटणं सुरू असेल तर थांबू नका. या आजारात लसिका ग्रंथींच्या कर्करोगाचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. डोळा लाल होऊन दुखला, अंधूक दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आणि रक्तात अँटी-रो असलेली लेक किंवा सून आई होणार असेल तर प्रसूतीच्या डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा. क्वचित बाळाच्या हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होतो, म्हणून पोटातल्या बाळाच्या हृदयाची तपासणी करतात.

थकवा बाहेरून दिसत नाही, म्हणून घरच्यांना तो शब्दांत सांगावा लागतो. मी जाऊबाईंना रिपोर्ट उघडून सगळं समजावलं. आता पंगतीत माझ्या ताटात चटणी नसते. मोठ्या वाटीत कमी तिखटाची आमटी असते, त्यात भाकरी कुस्करायची आणि पाच मिनिटं भिजू द्यायची.