बटरनट स्क्वॉशचं सूप: आधी भाजा, मग पातळ करा

सप्टेंबर सरता सरता अमेरिकेच्या ईशान्येकडच्या न्यू इंग्लंड भागातली झाडं तांबूस व्हायला लागतात आणि रस्त्याकडेच्या शेतमालाच्या टपऱ्यांवर भोपळ्यांचे ढीग दिसू लागतात. त्यातला फिकट पिवळसर, लांब मानेचा तो बटरनट स्क्वॉश. ही जात इथलीच. १९४०च्या दशकात मॅसॅच्युसेट्समधल्या स्टो गावी चार्ल्स लेगेट यांनी ती तयार केली. आपल्या लाल भोपळ्याच्याच नात्यातली, पण गर जास्त घट्ट, गोड आणि जवळजवळ बिनधाग्याचा.

चौघांना सव्वा किलोचा एक स्क्वॉश पुरतो. सोबत एक कांदा, लसणाचा अख्खा गड्डा, एक आंबट हिरवं सफरचंद, पेरभर आलं, तेल, तूप, जिरं, मीठ आणि मिरपूड घ्या. स्क्वॉश आकाराच्या मानाने जड लागला पाहिजे. साल चकचकीत असेल किंवा तिच्यावर हिरव्या रेघा असतील, तर फळ कोवळं काढलंय असं समजा. मान जाड बघून घ्या. बिया सगळ्या खालच्या फुगीर भागात असतात, मानेत नुसता गर.

कच्च्याची साल सोलत बसू नका. त्याचा चीक हाताला लागून वाळला की कातडी ताणल्यासारखी होते आणि तो थर साबणानेही लवकर निघत नाही. देठ आणि बूड कापलं की फळ पाटावर उभं राहतं, मग जड सुरीने वरून खाली दोन फाका करा. बिया धुऊन बाजूला ठेवा. आतले धागे पाच वाट्या पाण्यात वीस मिनिटं उकळून गाळून घ्या. हे केशरी पाणी पुढे सुपात घालायचंय.

आता मुख्य काम. ओव्हन २०० अंश सेल्सियसला, म्हणजे ४०० फॅरनहाइटला तापवा. फाकांना तेल-मीठ चोळून कापलेली बाजू ट्रेवर पालथी घाला. शेजारी कांद्याच्या फोडी आणि फॉइलमध्ये गुंडाळलेला लसूण ठेवा. साधारण ४५ ते ५० मिनिटं लागतात. सफरचंदाच्या फोडी शेवटच्या वीस मिनिटांत टाका. सुरीचं टोक मानेत सहज शिरलं की फाक उलटून बघा. कडा तपकिरी झालेल्या असतात आणि ट्रेला काकवीसारखा चिकट रस लागलेला असतो. त्यावर थोडं गरम पाणी ओता, उलथन्याने खरवडा आणि सगळं पातेल्यात घ्या, कारण खरी चव तिथेच असते. पहिल्या वर्षी मी स्क्वॉश उकडला होता. गोडवा पाण्यात उतरला आणि सूप मिळमिळीत झालं. भरताचं वांगं आपण भाजतो ते याच कारणाने.

गर चमच्याने काढा, लसूण पिळून घ्या आणि आलं व गाळलेलं पाणी घालून सगळं मिक्सरमधून फिरवा. मिश्रण गरम असेल तर भांडं अर्धंच भरा आणि वाफेला वाट ठेवा. बंद झाकण वाफेने उडतं आणि हात भाजतो.

पातेल्यात चमचाभर तुपात जिरं तडतडलं की सूप ओता, मीठ-मिरपूड घाला आणि मंद आचेवर दहा मिनिटं ठेवा. क्रीम मी घालत नाही, त्याने भाजल्याचा वास दबतो. सफरचंद गोड निघालं तर थोडं लिंबू पिळा.

महाराष्ट्रात लाल भोपळा घ्या. त्याला पाणी जास्त सुटतं, म्हणून फोडी जाड कढईत, झाकण न ठेवता, तेलावर दोन्ही बाजूंनी डाग पडेपर्यंत परता आणि पाणी वाटीभर कमी घाला.

बिया पुसून, तेल-मीठ लावून १५० सेल्सियसला पंधरा-वीस मिनिटं भाजा आणि वाढताना वरून घाला. उरलेलं सूप दुसऱ्या दिवशी दाट होतं, तेव्हा गरम करताना अर्धी वाटी पाणी घालून ढवळा.