स्लॅलमच्या जुन्या कॅसेट हाताळताना या चुका टाळा

रामटेकजवळच्या खिंडसी तलावावर कयाक शिकलेले आम्ही सात-आठ जण. खळाळतं पाणी बघायचं तर नर्मदेवर महेश्वरच्या सहस्रधारेपर्यंत जावं लागतं, नाही तर घरी कॅसेट लावावी लागते. स्लॅलम, म्हणजे खळाळत्या पाण्यावर टांगलेल्या काठ्यांच्या गेटमधून कयाक किंवा कनू या लहान बोटी कमीत कमी वेळात नेण्याचा खेळ, टीव्हीवर फार कमी दिसायचा. ऑलिम्पिकमध्येसुद्धा १९७२च्या म्युनिकनंतर हा खेळ एकदम १९९२ला बार्सिलोनात परत आला. म्हणून त्या वर्षांत कुणी घरच्या व्हीसीआरवर शर्यती भरून ठेवल्या असतील तर त्या फितीची किंमत आमच्यासाठी मोठी आहे. माझ्या मावसभावानं अमेरिकेत अटलांटा ऑलिम्पिकच्या वेळी भरलेल्या दोन कॅसेट आणि त्याच्या जर्मनीतल्या मित्राच्या तीन, एवढा आमचा ठेवा. त्यातली एक आम्ही आमच्याच हातानं घालवली. तुमच्या दिवाणात किंवा माळ्यावर अशी कॅसेट असेल तर ती लावायच्या आधी हे वाचा.

बघू तरी चालते का, म्हणून लगेच लावणे

नागपूरचा उन्हाळा कोरडा, म्हणून कॅसेटला धोका नाही असं आम्ही धरून चाललो होतो. पण एप्रिल ते जून आपल्या घरात दिवसरात्र कूलर चालतो. कॅसेटचा खोका कूलरच्या समोरच्या दिवाणात होता. वर्षानुवर्षं त्याला ओली हवा लागली, त्यात पावसाळे गेले. एका दुकानात कॅसेट दिली, त्यांनी ती न बघता मशीनमध्ये सरकवली. दहा मिनिटांत टीव्हीवर मुंग्या आल्या, मग खरखर, मग मशीन थांबलं. बाहेर काढली तेव्हा हातभर फीत चुरगळलेली आणि कडेला फाटलेली होती. ते मशीन साफ न करताच दुसरी कॅसेट लावली, तर तिच्यावरही ओरखडे.

आता आम्ही आधी कॅसेट हातात घेऊन टॉर्चच्या उजेडात तिच्या खिडकीतून आत बघतो. गुंडाळलेली फीत वरून काळी, एकसारखी चकचकीत दिसायला हवी. पिठासारखे पांढरे ठिपके किंवा कडेनं राखाडी साय दिसली तर ती बुरशी. अशी कॅसेट मशीनमध्ये घालायचीच नाही. सिलिका जेलच्या पुड्यांसोबत बंद डब्यात ठेवून ती वाळू द्यावी आणि फीत साफ करण्याचा अनुभव असलेल्या माणसाकडेच द्यावी. कॅसेट स्वच्छ असेल तरी आधी एकदा शेवटपर्यंत पुढे आणि मग पूर्ण मागे फिरवून घ्या, म्हणजे सैल पडलेली फीत सारखी बसते.

व्हीसीआरचं हेड, म्हणजे फिरत्या ड्रमवरचा फीत वाचणारा भाग, कापसाच्या काडीनं पुसू नका. कापसाचे तंतू त्यात अडकतात, आणि वर-खाली घासलं तर हेड तुटतं. आयसोप्रोपाइल अल्कोहोलमध्ये भिजवलेला जाड, तंतू न सुटणारा कागद हेडच्या ड्रमला नुसता टेकवून धरायचा आणि दुसऱ्या हातानं ड्रम हळूहळू फिरवायचा.

आणि कॅसेटच्या पाठीवरची प्लास्टिकची छोटी जिभली आधी मोडून टाका. ती शाबूत असेल तर चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं की शर्यतीवर मालिका चढते.

चित्र काळं-पांढरं येतं म्हणून कॅसेट टाकून देणे

मावसभावाची कॅसेट आमच्या घरच्या मशीनवर वर-खाली पळायची, रंग अजिबात नाही. ती खराब झाली असं समजून आम्ही बाजूला ठेवली होती. सीताबर्डीवरच्या एका जुन्या मेकॅनिकनं ती हातात घेतली आणि म्हणाला, "भाऊ, कॅसेट खराब नाही. तुमची मशीन तिले ओळखून नाही राहिली."

अमेरिकेत टीव्ही चित्राची एनटीएससी पद्धत होती: ५२५ रेषा आणि सेकंदाला जवळपास ६० फील्ड (फील्ड म्हणजे एकाआड एक रेषांचं अर्धं चित्र). आपल्याकडे आणि जर्मनीत पाल: ६२५ रेषा, ५० फील्ड. दोन्ही पद्धती चालवणारा व्हीसीआर मिळवा आणि एनटीएससी कॅसेट एनटीएससी म्हणूनच कॉम्प्युटरवर घ्या. आधी पालमध्ये बदलून मग घेण्याच्या फंदात पडू नका, त्या बदलात फील्ड गळतात किंवा एकमेकांत मिसळतात. कॉम्प्युटरला दोन्ही चालतात.

फील्ड वाया घालवणे

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं आणि बहुतेकांच्या ते लक्षातही येत नाही.

अटलांटाच्या स्लॅलम शर्यती टेनेसी राज्यातल्या ओकोई नदीवर झाल्या. पुरुषांच्या सी-१ (एकट्याची कनू) मध्ये स्लोव्हाकियाचा सतरा वर्षांचा मिखाल मार्टिकान १५१.०३ सेकंदांनी जिंकला. चेक प्रजासत्ताकाचा लुकाश पोलर्ट, म्हणजे बार्सिलोनाचा विजेता, १५१.१७ वर राहिला. फरक ०.१४ सेकंदाचा. हा फरक कोणत्या गेटवर पडला हे शोधायला आम्ही दोन्ही रन शेजारी शेजारी लावून बघतो. सेकंदाला ३० चित्रं असतील तर ०.१४ सेकंदात जेमतेम चार चित्रं बसतात. प्रत्येक फील्ड वेगळं ठेवलं तर आठ. बोटीचं नाक उलट्या, म्हणजे प्रवाहाविरुद्ध घ्यायच्या, गेटमधून कधी वळलं, पॅडल पाण्यात कधी घुसलं, हे आठ चित्रांत दिसतं आणि चारात हुकतं. काठीला बोट लागली का, तेही तसंच. आजच्या नियमानं काठीला स्पर्श म्हणजे दोन सेकंदांचा दंड आणि गेट चुकलं तर पन्नास. पण कधी काठीची ती थरथर एखाद्या फील्डपुरतीच दिसते.

म्हणून डीइंटरलेस करताना, म्हणजे फील्डची पूर्ण चित्रं बनवताना, 'प्रत्येक फील्डचं एक चित्र' हा पर्याय निवडा. पालचं ५० चित्रांत आणि एनटीएससीचं ६० चित्रांत रूपांतर व्हायला हवं. 'ब्लेंड' नावाचा पर्याय तर टाळाच, त्यात उडणारे तुषार आणि काठ्या एकमेकांत विरघळतात. बोट पुढे-मागे झटके देत चालल्यासारखी दिसली तर फील्डचा क्रम उलटा लागलाय. सेटिंगमध्ये वरचं फील्ड आधी की खालचं, हे बदलून बघा. डीव्ही (डिजिटल फितीच्या) कॅमेऱ्यातून घेतलेल्या फाइलमध्ये खालचं आधी असतं.

काठ्या सरळ न दिसता सापासारख्या वळवळत असतील तर तो दोष कॉम्प्युटरवर नंतर नीट सुधारत नाही. त्यासाठी टाइम बेस करेक्टर (चित्राच्या रेषा वेळेत जागेवर बसवणारं सर्किट) लागतो. काही चांगल्या एस-व्हीएचएस (व्हीएचएसचा वरचा प्रकार) व्हीसीआरमध्ये तो आतच असतो. आम्हाला असं मशीन भाड्यानं मिळालं आणि पहिल्यांदा ओकोईची गेट सरळ लटकताना दिसली, तेव्हा खोलीत कुणी बोलेना.

कॉपीची कॉपी, आणि व्हॉट्सॲप

कॅसेटवरून कॅसेट काढली की दर वेळी रंग आणखी सरकतो आणि पसरतो. लाल तर काठीच्या बाहेर सांडतो. हिरव्या-पांढऱ्या काठ्यांचं गेट प्रवाहाबरोबर आणि लाल-पांढऱ्याचं प्रवाहाविरुद्ध घ्यायचं असतं, त्यामुळे रंगच कळला नाही तर शर्यतही कळत नाही. कुणी कॅसेट दिली तर ती मूळ आहे की कुणाकडून उतरवून घेतलेली, हे विचारा आणि मूळ शोधा.

फाइल पाठवतानाही तेच. स्टुडिओतला माणूस जवळजवळ स्थिर बसतो, त्याचं चित्र दाबून लहान केलं तरी फारसं बिघडत नाही. फेसाळतं पाणी मात्र प्रत्येक चित्रात पूर्ण बदलतं. फाइल जास्त दाबली की पाण्याचे चौकोनी ठोकळे होतात आणि त्यात एडीची (अडथळ्यामागे उलट फिरणाऱ्या पाण्याची) रेघ पुसली जाते. स्लॅलम शिकणाऱ्याला तर तीच रेघ बघायची असते. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून टाकू नका. डॉक्युमेंट म्हणून टाका, २ जीबीपर्यंत जातं. मोठी मूळ फाइल हार्ड डिस्कवरून द्या. डीव्हीत तासाला साधारण १३ जीबी लागतात, आजच्या डिस्कवर ते काही फार नाही. एआयनं चित्र 'स्वच्छ' करायच्या मोहात मूळ फाइलला हात लावू नका. त्यात नसलेला फेस तयार होतो, आणि काठी हलली की नाही हे मग कुणीच सांगू शकत नाही.

आवाज मागे पडत जात असेल तर कॅप्चर करताना चित्रं गळतायत. दुसरी सगळी कामं बंद करून पुन्हा घ्या.

'कामाचा नाही' म्हणून पहिला रन कापणे

हे मी स्वतः केलं होतं. तेव्हा दोन रनपैकी चांगला धरला जायचा, म्हणून मी जागा वाचवायला महिलांच्या के-१ (एकटीची कयाक) चे पहिले रन काढून टाकले. नंतर निकाल बघितला. चेक प्रजासत्ताकाची श्टेपांका हिल्गर्टोव्हा आणि अमेरिकेची डाना क्लादेक, दोघींचा सर्वोत्तम वेळ १६९.४९. बरोबरी! सुवर्ण हिल्गर्टोव्हाला गेलं ते उरलेल्या, न धरलेल्या रनच्या जोरावर. म्हणजे ज्यामुळे पदक ठरलं तेच मी उडवलं होतं. कॅसेट शिल्लक होती म्हणून पुन्हा घेता आलं. त्याच शर्यतीत कांस्य मिळवणारी मिरियम फॉक्स-जेरुसाल्मी ही ऑस्ट्रेलियाच्या स्लॅलमपटू जेसिका फॉक्सची आई. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये जेसिकाची दोन सुवर्णं बघून आमच्याकडे आलेल्या पोरींना आधी ते रन बघायचे असतात.

जाहिराती आणि मधल्या बातम्याही मूळ फाइलमध्ये राहू द्या. लेबल नसलेल्या कॅसेटची तारीख बऱ्याचदा त्यावरूनच लागते.

वाटण्याबाबत एक सांगते. आपल्या कॉपीराइट कायद्यात स्वतःच्या खासगी वापरासाठी प्रसारण रेकॉर्ड करायला सूट आहे, ते सगळ्यांसाठी इंटरनेटवर टाकायला नाही. प्रसारकाचा हक्क २५ वर्षं असतो, आणि त्यातल्या चित्रीकरणाचा वेगळा हक्क त्याहून जास्त. आम्ही रविवारी एकाच्या घरी जमून बघतो.

डिजिटल झाल्यावरही कॅसेट फेकत नाही. पूर्ण मागे फिरवून, उभी, स्पीकरपासून आणि कूलरपासून लांब. पाठीवर कागद चिकटवतो: "ओकोई, २७-२८ जुलै १९९६. एनटीएससी. मूळ. दोन्ही रन. जिभली मोडली आहे."